कूलरमधली पाणबुडी

जाधवकाका कुठल्याही दारातून जाताना मान खाली घालायचे. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, दार सात फुटांचं. तरी आधी उजवा हात वर चौकटीकडे, मग मान खाली, मग पाय आत. ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घरी मी कामाला लागले त्या दिवशी मला वाटलं, आत देवघर असेल म्हणून वाकले. थोड्या वेळाने ते बाथरूममध्ये जातानाही तसेच वाकले.

"सवय," ते म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "चौदा वर्षं डोकं आपटून घेतलं की लागते."

काका नौदलात होते. जहाजावर नाही, पाणबुडीत. इंजिनाकडचे मेकॅनिक. त्यांच्या घराण्यात सगळे घोड्यावरचे. दख्खनेतून घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले, आणि मग कोणी कधी पाण्याच्या वाटेला गेलंच नाही. "मी एकटाच बुडालो," असं ते सांगायचे. लग्नामुंजीत भेटणारे लोक त्यांना हमखास विचारायचे, "खिडकीतून मासे दिसायचे का हो?" काका म्हणायचे, "खिडकीच नसते." विचारणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं, जसं काही काकांनीच ती बुजवली.

ते इंदूरला गेले आणि तिथेच वारले. मला फोनवर कळलं. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मी त्यांच्याकडे पावणेदोन वर्षं होते, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. तेवढंच लिहिते आहे.

त्यांची फुप्फुसं गेली होती. खोलीत ऑक्सिजनचं मशीन होतं, दिवसभर घरघरायचं. त्यातून निघालेली नळी काकांच्या नाकापर्यंत. नळी पलंगापासून टेबलापर्यंत पुरायची, बाथरूमपर्यंत पुरायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पुरायची. उंबऱ्याच्या आत नाही. म्हणून काका उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसायचे आणि मी आत पोळ्या करायचे. त्यांचा मुलगा संजयभैया बँकेत आणि सूनबाई वृषालीवहिनी शाळेत. दिवसभर आम्ही दोघंच असायचो.

दोघं असूनही फार बोलणं नसायचं. मला बोलायला लहानपणापासून जड जातं. काही घरांत बायका त्याचा राग करतात, हिच्या तोंडात जीभ आहे की नाही म्हणतात. काकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "तू चांगली आहेस. कमी बोललं की हवा वाचते." पाणबुडी तळाशी जाऊन बसली की सगळ्यांनी आपापल्या फळीवर पडून राहायचं, बोलायचं नाही, उगाच हलायचं नाही, असं असतं म्हणे. तिथे गप्प बसणं हे काम होतं. मला ते ऐकून फार बरं वाटलं.

घरातले नळ त्यांनी एका पद्धतीने ठेवायला लावले होते. नळ पूर्ण उघडायचा, मग पाव फेरा मागे घ्यायचा. वहिनी हसायच्या. "पापा, ये नल है, तुमची बोट नाही." मलाही ते म्हातारपणाचं वाटायचं.

मग एकदा भर दुपारी लाइट गेली. मशीन बंद पडलं आणि टिऊटिऊ करायला लागलं. मी मोठ्या सिलिंडरकडे धावले, नळी लावली, वरची चाबी फिरवायला गेले तर फिरेना. जोर लावला, नाहीच. बंद होऊन अडकली आहे की उघडून अडकली आहे, काही कळेना. माझे हात घामाने निसटत होते. काका पलंगावर डोळे मिटून पडले होते, ओठ निळसर. त्यांनी फक्त हात उचलला आणि हवेत मनगट थोडंसं फिरवून दाखवलं. उलट दिशेला. मी उलटी फिरवली तशी चाबी फिरली. ती आधीपासून पूर्ण उघडीच होती. खालचं छोटं बटण तेवढं मी उघडायचं विसरले होते. ते उघडलं आणि हवा सुरू झाली.

संध्याकाळी संजयभैया आल्यावर काका पहिल्यांदा चिडलेले मी पाहिले. "सिलिंडर तू उघडलास ना रात्री? पाव फेरा मागे का नाही घेतलास? अंधारात माणसाने हात लावला तर त्याला कळायला नको, उघडं आहे का बंद?"

"सॉरी पापा," भैया म्हणाले.

"मला नको म्हणूस. हिला म्हण."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या पाणबुडीचं खोकं माळ्यावरून खाली आलं.

काका ज्या पाणबुडीत होते ती मोडीत निघाली होती. विशाखापट्टणला त्यांचे जुने सोबती राहतात, नायर नावाचे. त्यांनी मोबाइलवर फोटो पाठवला होता. मधोमध कापलेली पाणबुडी, आतले पाइप लोंबताहेत. काका फोटो मोठा करायचे, एका काळ्या डागावर नख टेकवायचे आणि म्हणायचे, "ही माझी झोपायची फळी." मला डागच दिसायचा. पुढे नायरसाहेबांच्याच भाच्याने परदेशातून हे खोकं पाठवलं. आत फायबरचं कवच, वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग. मधला मनोरा वेगळा, तीन छोटे पंखे, आणि एक मोठा नकाशा. बस. "नुसतं कवच," काका म्हणाले. "आतलं सगळं आपण करायचं." खऱ्याचे आठ फूट म्हणजे हिचा एक इंच. एकूण तीन फूट दीड इंच लांब.

मी विचारलं नव्हतं, पण त्यांनी सांगितलं. "मला ती शोकेसमध्ये नको आहे. ती पाण्यात सरळ खाली गेली पाहिजे आणि सरळ वर आली पाहिजे. नाक न टेकता, कुशीवर न पडता. एकदाच. माझी बोट शेवटची वर आली तेव्हा मी इथे ग्वाल्हेरात गवार निवडत बसलो असेन."

खोकं दोन उन्हाळे माळ्यावर पडून होतं. आमच्याकडचा जेठ महिना. माळ्यावर तर भाकरी भाजावी. दोन्ही अर्धे वाकले होते. एकमेकांवर ठेवले की शेपटीकडे दोन सुतांची फट राहायची. काका ती फट चार दिवस बघत बसले. पाचव्या दिवशी मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "कढत पाण्यात धरून बांधून ठेवलं तर?"

"कशाने बांधणार? तारेने चरे पडतील."

मी परकराची नवी नाडी आणून दिली. कढत पाणी ओतत ओतत आम्ही दोन्ही अर्धे जुळवून आवळले आणि तसेच रात्रभर ठेवले. सकाळी सोडलं तर फटीत केसही जात नव्हता. काकांनी त्या सांध्यावरून तीन वेळा नख फिरवलं. मग मला विचारलं, "किती शिकली आहेस?"

"चौथी."

"आकडे वाचता येतात?"

"येतात."

"मग झालं. बस इथे."

तेव्हापासून दुपारी भांडी झाली की मी टेबलापाशी बसायचे. मी नकाशावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, काका भिंगातून बघून कवचावर पेन्सिलीने खूण करायचे, मग मी पुन्हा मोजून सांगायचं. अर्ध्या सुताचा फरक असला तरी खोडायचे. आत त्यांनी प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा दोन्हीकडून बंद करून बसवला. त्याचा एक भाग कायम कोरडा. दुसऱ्या भागाला खाली भोक आणि वर बारीक नळी. नळीच्या टोकाला दवाखान्यातली मोठी पिचकारी. दट्ट्या ओढला की आतली हवा बाहेर येते, पाणी आत शिरतं, पाणबुडी खाली जाते. दाबला की हवा आत, पाणी बाहेर, पाणबुडी वर.

"आणि बाहेरच्या कवचात?" मी विचारलं.

"बाहेरच्यात पाणी भरायलाच पाहिजे. म्हणून तर त्याला एवढ्या फटी आहेत बाजूला."

या फटींचा फोटो पाहून नायरसाहेबांनी फोनवर भांडण काढलं. काका फोन स्पीकरवर ठेवायचे म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"जाधव, टॉवर के पीछे तेरी दो फटी ज़्यादा हैं. वहां सीधी प्लेट थी."

"तुझे क्या पता? तू तो रसोई में था."

"और तू इंजन में था! मैं भी अंदर, तू भी अंदर. बाहर से देखी किसने?"

"ड्राय डॉक में रंग मैंने मारा था."

"एक साइड का."

"हां, तो?"

"तो दूसरी साइड का मेरे से पूछ! वो मैंने मारा था."

काकांनी फोन ठेवला आणि उजव्या बाजूच्या दोन फटींभोवती पेन्सिलीने गोल काढले. त्या बुजवायच्या ठरल्या.

पण त्याआधी पडावचं प्रकरण झालं. पिचकारीच्या नळीला एक रबरी वायसर, बारीकशी चकती, हवा होता. संजयभैया आज आणतो, उद्या आणतो करत होते. एका दुपारी मी वर छतावर कपडे वाळत घालायला गेले, आणि काका नाकातली नळी काढून जिने उतरून ऑटोत बसून पडावच्या बाजारात गेले. वायसर घेतला, आणि दुकानातच खाली बसले. दुकानदाराने त्यांच्या खिशातल्या मोबाइलवरून भैयांना फोन केला, भैया-वहिनी दोघंही धावले. घरी आणलं तेव्हा मूठ घट्ट आवळलेली होती. डॉक्टरांनी उघडली तर आत वायसर.

त्या दिवसापासून जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप लागलं. चाबी वहिनींनी माझ्या हातात दिली. "सुमनताई, प्लीज. पापांनी किती पण जिद केली ना, उघडायचं नाही. कसम आहे तुम्हाला." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी काकांना दुकानातल्या फरशीवर पडलेलं पाहिलं होतं. मी चाबी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

काकांनी चाबी एकदाच मागितली. पावसाळा संपून छान ऊन पडलं होतं, खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ते जाळीपाशी उभे होते. नळी मागे ताणलेली होती, आणखी एक पाऊल टाकलं असतं तर निसटली असती.

"सुमन, चाबी दे. दहा मिनिटं. फाटकापाशी उभा राहतो आणि येतो."

मी नाही म्हणून मान हलवली.

"तू चल बरोबर. छोटा सिलिंडर घे."

मी दोरा पदराखाली घट्ट धरला. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "बोटीचं हॅच, ते वरचं झाकण, एका माणसाच्या मर्जीने उघडत नाही." आणि टेबलापाशी जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी एकही आकडा वाचायला सांगितला नाही. मीही घरी जाताना ती चाबी छातीवर दगडासारखी घेऊन गेले. मला वाटतं मी द्यायला हवी होती. अजूनही वाटतं, आणि अजूनही वाटतं की बरोबर केलं.

दिवाळीनंतर प्रश्न आला पाण्याचा. तीन फुटांची पाणबुडी बादलीत मावत नाही, टबात मावत नाही. काकांच्या मनात तिघरा धरण होतं. भैया म्हणाले, "पापा, धरणावर? ह्या हालतमध्ये?" शेजाऱ्यांच्या छतावर सिमेंटची टाकी होती, पण मधे दोन जिने होते.

मी भाजी चिरता चिरता म्हटलं, "कूलर आहे."

"काय?"

"मागच्या बाल्कनीतला कूलर. आता थंडीत बंदच आहे. वरचं काढलं तर खाली टाकी."

काकांचा चेहरा असा झाला की मी विळी बाजूला ठेवली. "चौदा वर्षं समुद्रात होतो मी. कूलरमध्ये बुडवू बोट?"

पण अर्ध्या तासाने त्यांनी मला टेप घेऊन पाठवलं. आमच्याकडचे लोखंडी कूलर मोठे असतात. टाकी अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद, एक फूट खोल. सरळ ठेवली तर पाणबुडी मावत नव्हती. काकांनी कागदावर चौकोन काढला, त्यात तिरपी रेघ मारली आणि हिशेब केला. तिरपी मावत होती. पुढे अडीच इंच, मागे अडीच इंच.

"पंख्यांना मोटर बसवू नका मग," मी म्हटलं.

"कशाला बसवू? जायचंय कुठे? पुढे नाही, मागे नाही. खाली आणि वर. तेवढंच." थोड्या वेळाने म्हणाले, "तेवढंच तर पाहिजे."

आणि इथे माझी चूक झाली.

सोमवारी मी कामावर आले तर काका झोपले होते. टेबलावर पाणबुडी, शेजारी पुट्टी आणि घासायचा रेगमाल कागद. नायरसाहेबांच्या त्या दोन फटी मी बुजवायच्या होत्या, ते शनिवारीच सांगून ठेवलं होतं. मी त्या भरल्या. मग बघितलं तर वरच्या पाठीवर, अगदी मधोमध, टाचणीएवढी बारीक भोकं दिसली. एक मनोऱ्याच्या माथ्यावरही होतं. फायबरला अशी भोकं असतात, आधीही खालच्या बाजूला निघाली होती आणि काकांनीच ती माझ्याकडून भरून घेतली होती. मला वाटलं, ही राहिली असतील. पाण्यात जायची वस्तू, तिला भोक कसं ठेवायचं? मी सुईच्या टोकाने एकेका भोकात पुट्टी भरली. सतरा होती. वाळल्यावर ओला रेगमाल इतका हलक्या हाताने फिरवला की खालीवर काही लागू नये. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना खूश करावं म्हणून केलं, आणि सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरून काळा रंग मारला.

त्या शुक्रवारी मशीन ढकलत बाल्कनीच्या दाराशी आणलं. कूलरची टाकी मी घासून भरून ठेवली होती. काकांनी पाणबुडी दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवली आणि दट्ट्या ओढला.

ती खाली गेलीच नाही. डावीकडे कलली आणि तशीच तरंगत राहिली. काकांनी ती काढली, पोटात शिशाचा तुकडा घातला. पुन्हा तेच. आणखी एक तुकडा. आणखी एक. मग ती एकदम नाकावर गेली, टाकीच्या कोपऱ्यात नाक रुतलं आणि शेपटी वर राहिली. दट्ट्या दाबला तरी हलेना. काका वाकले, कोपरापर्यंत हात थंड पाण्यात, शर्ट भिजलेला.

"काका, पुरे आता."

"थांब."

"काका."

"हिशेब बरोबर आहे. थांब!"

मग ते कठड्याला धरून हळूहळू खाली बसले. नळी नाकातून निघाली होती, केव्हा ते मला दिसलंच नाही. 

नऊ दिवस ते इस्पितळात होते. वहिनी मला जिन्यात भेटल्या. "ताई, तुम्ही काय बघून राहिल्या होत्या? मी तुमच्या भरोशावर घर सोडून जाते." मी मान खाली घातली. भैयांनी पाणबुडी कपाटावर टाकून दिली, वरून प्लास्टिकची पन्नी. आणि ठरलं की काकांना इंदूरला त्यांच्या मुलीकडे पाठवायचं. तिथे लिफ्ट आहे, इस्पितळ समोर आहे. येत्या रविवारी.

घरी आल्यावर काकांनी अन्न टाकलं. जेवण तसंच परत यायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि मधेच म्हणायचे, "गणित कुठे चुकलं?" वहिनींनी सूप नेलं तर त्यांना म्हणाले, "वृषाली, मला लिहून देत जा. औषधं वगैरे. माझं डोकं गेलं आहे."

"पापा, असं काय बोलता!"

"चौदा वर्षं आत राहिलो आणि एक खेळणं बुडवता येत नाही. डोकं गेलं म्हणूनच ना?"

बुधवारी नायरसाहेबांचा फोन आला. काकांना धरवत नव्हता म्हणून मी त्यांच्या कानापाशी धरून उभी होते.

"हवा फंसी होगी, जाधव. और कुछ नहीं."

"कैसे फंसेगी? ऊपर सत्रह छेद मारे हैं मैंने. इतवार को. एक एक हाथ से. हवा को निकलना ही है." मग आवाज बारीक झाला. "या मारे ही नहीं? मुझे लगता है मारे थे. अब पता नहीं, नायर."

मी फोन दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा त्यांच्या कानाशी धरला. इतवारी माझी सुट्टी असते.

त्या रात्री मला झोप आली नाही. सांगितलं असतं तर वहिनींनी मला काढलंच असतं, आणि माझ्या घरी कामाशिवाय बसलेल्या बाईला जागा नाही. न सांगावं तर इंदूरला जाऊन ते असेच भिंतीकडे बघत राहणार. गुरुवारी मी तीनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा पाणी ठेवून आले. दुसऱ्यांदा पाण्याचा पेला उचलून आले. तिसऱ्यांदा उभी राहिले.

"काय आहे?" ते भिंतीकडे बघतच म्हणाले.

"छेद होते."

"कसले?"

"तुम्ही पाडले होते. मी बुजवले. मला वाटलं, राहिलेली भोकं आहेत."

मशीन घरघरत होतं. काका हळूच वळले. त्यांनी मला नीट पाहिलं.

"किती बुजवलेस?"

"सतरा."

"सगळे?"

"सगळे."

"मनोऱ्यावरचा?"

"तोपण."

"एकही सोडला नाहीस?"

"नाही."

"आणि मी वर रंग मारला. भिंगातून बघून. मला बोटाला लागलेसुद्धा नाहीत. काय हात आहे गं तुझा!" आणि ते हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळायला धावले, खोकता खोकताही हसत होते. डोळ्यांतून पाणी गालावर आलं. "हवा अडकली होती तर. नुसती हवा." मग माझं मनगट धरलं. "माझं गणित बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

"पुन्हा म्हण."

"तुमचं गणित बरोबर होतं, काका."

त्या दिवशी ते दीड पोळी जेवले.

शुक्रवारी मी कपाटावरून पाणबुडी काढली. काकांना बसवत नव्हतं. त्यांनी पलंगावर पडूनच मला ते चिमटीत धरून फिरवायचं छोटं गिरमिट कसं धरायचं ते दाखवलं. "दाबू नकोस. फिरव. ते आपोआप जाईल." एकेक छेद झाला की मी कवच त्यांच्या नखाखाली धरायचे. ते चाचपून मान हलवायचे. सतराव्याला संध्याकाळचे पाच वाजले. जास्तीचं शिसं काढून टाकलं.

शनिवारी शाळेला अर्धा दिवस असतो. वहिनी एकला येणार, म्हणून आम्ही अकरालाच मशीन बाल्कनीच्या दाराशी नेलं. काकांना खुर्चीत बसवलं, अंगावर शाल, मांडीवर पिचकारी. त्यांनी वाकायचं नाही असं मी सांगितलं. मी सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं. टाकीत मीच उतरवली पाणबुडी, तिरपी, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

काकांनी दट्ट्या ओढायला सुरुवात केली. हळू. पाठीवरून बारीक बुडबुड्यांची रांग उठली, सतरा ठिकाणांहून, जशी मोदकाच्या पाण्याला उकळी यायच्या आधी येते. बाजूच्या फटींतून पाणी आत गेलं. पाठ ओली झाली, मग दिसेनाशी झाली. मनोरा उरला. मग मनोराही गेला. कुठेही कलली नाही. तळाला टेकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

मागे जाळीचं दार वाजलं. वहिनी लवकर आल्या होत्या, खांद्यावर पर्स, हातात दुसरी चाबी. त्यांनी कूलर पाहिला, खुर्ची पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे काय..."

काकांनी मान न वळवता हात वर केला. "शू. बोट खाली आहे."

आणि वहिनी गप्प झाल्या. खरंच गप्प झाल्या. पर्स न काढता भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आम्ही तिघं त्या अर्ध्या हात पाण्याकडे बघत होतो. मशीनचा आवाज तेवढा होता. काका बराच वेळ दट्ट्याला हात लावीनात. मला वाटलं, आता वर आणणार नाहीत.

"पापा," वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "येते ना वर?"

"बघ."

त्यांनी दाबला. आधी मनोरा आला, मग पाठ, आणि दोन्ही बाजूंच्या फटींतून पाणी एकसारखं ओघळायला लागलं, जेवढं डावीकडून तेवढंच उजवीकडून. वहिनींनी टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात धरला. काकांनी फोन मागितला.

"नायर, सीधी गई. सीधी आई."

"वो दो फटी बंद की थीं?"

"की थीं."

"तभी!" नायरसाहेब ओरडले, आणि मग दोघांचं भांडण पुन्हा सुरू झालं. वहिनी खाली बसून हसत होत्या.

सतरा छेदांचं काकांनी घरात कोणाला सांगितलं नाही. नंतर मीच वहिनींना सांगितलं, ते गेल्यावर. मी अजून त्यांच्याकडे स्वयंपाकाला जाते.

रविवारी माझी सुट्टी होती, तरी मी गेले. मी पोचले तेव्हा काकांना खाली आणून झालं होतं. गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून त्यांना टेकवलं होतं, शेजारी छोटा सिलिंडर. थंडी म्हणून काचा बंद. शेजारपाजारचे लोक फाटकापाशी उभे होते, मला पुढे जाता येईना. मी नळाजवळ थांबले. काकांनी मला शोधून काढलं. काही तरी बोलले, पण काचेतून आवाज आला नाही. मग त्यांनी हात उचलला, तळवा आडवा धरला आणि सरळ खाली नेला. हळू. अजिबात न कलता.

मी लोकांसमोर कधी मोठ्याने बोलले नाही. त्या दिवशी ओरडले, "सरळ, काका! एकदम सरळ!" सगळे वळून बघायला लागले.

काका हसले. तेवढ्यात गाडी सुरू झाली. हात खाली होता तो तसाच आडवा होता. तो वर येताना मी पाहिला नाही. गाडी कोपऱ्यावर वळली होती.